शॅमेलिऑन मादीला अंडी घालायला जागा कशी करून द्यावी

नर कधी जवळ आला नसला, तरी व्हेल्ड शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याची मादी अंडी घालते. चार-सहा महिन्यांची झाली की तिच्या पोटात अंडी धरू शकतात. खणायला जागा नसेल तर ती अंडी रोखून धरते, आणि अंडी अडकून मादी दगावते. म्हणून पोट फुगायची वाट पाहू नका. मादी वयात आली की पिंजऱ्यात वाळूचा टब कायमचा ठेवा.

हे सगळं येमेन-सौदीकडच्या व्हेल्ड जातीबद्दल आहे, आणि ती पाळायची तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आपल्याकडचा घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो झाडावर दिसला तर तिथेच राहू द्या.

टब फूटभर लांब-रुंद हवा आणि त्यात ८ ते १२ इंच वाळू. नदीची बारीक वाळू स्वच्छ धुऊन घ्या. बांधकामाच्या दुकानात हल्ली बहुतेक क्रश सॅण्डच मिळते, तिचे कण धारदार असतात, ती नको. नाशिकची काळी माती तर मुळीच नको: ओली असली की चिकटते, वाळली की टणक होऊन भेगाळते. द्राक्षबागेतल्या मातीत फवारणीची औषधं उतरलेली असतात. नर्सरीतली कोकोपीट वाळूत थोडी मिसळली तर चालते, नुसती वापरली तर बोगदा ढासळतो.

ओल बरोबर आहे का, हे हातानेच कळतं. मुठीत दाबल्यावर वाळूचा लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी निथळता कामा नये. मग टबात तळापर्यंत बोट खुपसून बाहेर काढा. भोक तसंच राहिलं तर तिचा बोगदाही टिकेल. मार्च ते मे नाशिककडची कोरडी हवा वाळू भराभर सुकवते, तेव्हा कडेकडेने पाणी सोडत राहा.

दिवस भरत आले की ती खाणं कमी करते, पाणी जास्त पिते, आणि एरवी फांदी न सोडणारी मादी पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालू लागते. त्याच दिवशी पिंजऱ्याला चादर लावा आणि घरातल्या मुलांनाही समजावून सांगा. कोणी पाहतंय असं वाटलं तर ती अर्धा खणलेला बोगदा सोडून देते. बघायचंच असेल तर लांबून, चादरीच्या फटीतून. खणायला एक-दोन दिवस लागू शकतात. दिवा बंद व्हायच्या वेळी ती बोगद्यातच असेल तर बाहेर ओढू नका. अंडी घालून झाली की ती पायांनी वाळू लोटून खड्डा बुजवते, वरून दाबून सपाट करते, आणि माखलेल्या तोंडाने वर चढते.

दिवसा डोळे मिटून तळाशी पडून राहणं, डोळे खोल जाणं, दोन दिवस खणूनही अंडी न येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. एक्स-रेत अंडी दिसतात. कॅल्शियम आणि इंजेक्शनने भागतं की शस्त्रक्रिया लागते, हे ते ठरवतील. पोट दाबून अंडी काढायचा प्रयत्न कधीही करू नका, आत फुटतात. असा डॉक्टर शहरात कोण आहे, हे मादी घरी आणतानाच शोधून ठेवलेलं बरं.

अंडी घातल्यावर ती थकलेली, तहानलेली असते. बराच वेळ पाण्याचा बारीक फवारा द्या, मग कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे भरपूर खाऊ घाला. काही दिवसांनी मात्र खाणं आटोक्यात आणा आणि उबेच्या दिव्याखालचं तापमान २७ ते २९ अंशांवर ठेवा. त्यामुळे पुढच्या खेपेला अंडी कमी धरतात. नराशी संबंध आलेला नसेल तर अंडी उकरून टाकून द्या, ती उबणार नाहीत.