रात्री घशाशी आंबट येऊन झोप मोडत असेल तर हे करून बघा

शेवभाजीची झणझणीत तरी, सोबत ठेचा, आणि जेवलं की लगेच आडवं व्हायचं, आपल्या जळगाव-धुळ्याकडे बऱ्याच घरात हेच चालतं आणि मग मध्यरात्री छाती जळते. लोक डॉक्टरकडे जाऊन झोपेची गोळी मागतात, कृपा करून हे करू नका, त्या गोळीने जाग येत नाही पण ॲसिड वर चढतच राहतं. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणं कमी होतं, म्हणून वर आलेलं ॲसिड अन्ननळीत जास्त वेळ टिकतं. काहींना तर जळजळ कळतही नाही, नुसती झोप तुटत राहते आणि सकाळी घसा बसलेला, दिवसभर पेंग.

तर पहिलं म्हणजे जेवण आणि झोप यात 3 तास ठेवा. रात्रीच्या लाईटीवर पाणी भरायला जाणाऱ्या भाऊंनी संध्याकाळीच नीट जेवून निघावं, परत आल्यावर ताट वाढून घेऊ नये. हिवाळ्यात मळ्यातली भरीत पार्टी पण लवकर उरका, बंद नका करू. झोपताना तंबाखूची चिमूट मात्र खरंच सोडा.

खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावा, 6 ते 8 इंच, हलणार नाहीत असे. उशांचा ढीग नको, त्याने कमरेत वाकतो आणि पोट अजून दाबलं जातं. डाव्या कुशीवर झोपा, त्या बाजूला पोट अन्ननळीच्या खाली राहतं.

आता ॲसिड कमी करणारी गोळी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, रात्री जळजळ सुरू झाल्यावर घेऊन लगेच आराम पडत नाही, तेव्हा पातळ अँटासिड चालतं. पूर्ण असर यायला काही दिवस लागतात, दोन दिवसात सोडू नका. त्रास रात्रीचाच असेल तर गोळी संध्याकाळच्या जेवणाआधी घेऊ का हे डॉक्टरांना विचारा, आणि महिनोन्महिने स्वतःच मेडिकलवरून आणून खाऊ नका.

रोज सकाळी वहीत लिहा किती वेळा जाग आली, फरक त्यावरूनच कळेल. जळजळ थांबूनही घोरणं आणि दिवसाची पेंग तशीच असेल तर स्लीप ॲपनियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्या. घास अडकतो, वजन उतरतंय, शौचाला काळं होतंय, तर थांबू नका, डॉक्टरला दाखवा. आणि छातीत दुखून हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, घाम फुटला असेल तर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका, सरळ 108 ला फोन लावा.