हनुवटीचं ऑपरेशन करायचं मनात आहे? आधी या चुका टाळा

माझी हनुवटी लहानपणापासून आत. चाळीसगावला शाळेत असताना बाजूनं काढलेले फोटो मी फाडून टाकायचे. 15 वर्षांची झाले तेव्हा ‘पोरीचे दात पुढे आहेत’ म्हणून घरच्यांनी तारा बसवायला नेलं. वरच्या दोन उपदाढा काढल्या, दीड वर्षात पुढचे दात मागे ओढले, ओळ सरळ झाली. घरात सगळे खूश. पण वरचा ओठ चपटा झाला, नाक आणखी पुढं दिसायला लागलं आणि हनुवटी होती तिथंच राहिली. माझे दात पुढे नव्हतेच, खालचा जबडा मागे होता.

22व्या वर्षी सर्जनना दाखवलं तेव्हा याची किंमत कळली. खालचा जबडा पुढे आणायचा तर वरच्या आणि खालच्या दातांमध्ये तेवढं अंतर हवं. माझ्या तोंडात ते उरलंच नव्हतं. बंद केलेल्या जागा तारांनी पुन्हा उघडाव्या लागल्या, त्यात 20 महिने गेले. म्हणून पहिली चूक हीच सांगते: जबडा तपासल्याशिवाय दात काढू देऊ नका. काही मुलांना नुसत्या तारांनी भागतं, हे खरं. पण दात काढण्याआधी बाजूचा एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, काढून घ्या आणि स्पष्ट विचारा, ‘दोष दातांत आहे की हाडात?’

आरशात दिसतं तेच दुखणं, असं धरून चालू नका

आत दिसणारी हनुवटी बहुतेकदा तीन वेगळ्या कारणांनी आत असते. दात नीट बसतात, फक्त हनुवटीचं हाड लहान आहे, तर एकट्या हनुवटीचं ऑपरेशन पुरतं. खालच्या ओठाच्या आतून चीर देतात, हाडाची खालची कड कापून पुढे सरकवतात, टायटॅनियमच्या प्लेटनं बसवतात. बाहेर व्रण नाही.

खालचा अख्खा जबडा मागे असेल, तर नुसती हनुवटी पुढे आणून चेहरा बाजूनं बरा दिसेल, पण चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं, तसाच चुकीचा राहील. इथं दोन्ही बाजूंनी दाढांच्या मागं हाड उभं चिरून दातांसकट जबडा पुढे घ्यावा लागतो.

तिसरं कारण घरात कुणाच्याच लक्षात येत नाही. वरचा जबडा उंचीला जास्त वाढलेला असतो. हसताना हिरड्या खूप दिसतात, ओठ मिटायला जोर लावावा लागतो. वरचा जबडा खाली आला की खालचा त्याच्यासोबत खाली आणि मागे फिरतो, मग हनुवटी नाहीशी झाल्यासारखी वाटते. अशा माणसाचा वरचा जबडा काही मिलिमीटर वर घेतला की खालचा आपोआप वर आणि पुढे येतो. मला हे कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. बघतो हनुवटीकडे, आणि काम करायचं वरच्या जबड्यावर!

‘लांब हनुवटी’वाल्यांचंही असंच. पुष्कळदा वरचा जबडाच मागे राहिलेला असतो. अशा वेळी फक्त खालचा मागे ढकलला तर जिभेमागची श्वासाची वाट अरुंद होते. घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

घरी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडा तोडता येतो का? ओठ सहज मिटतात का? चावताना जबडा एका बाजूला सरकतो का?

हनुवटीवर पडलेलं मूल

हे मला मनापासून सांगायचंय. शेतात, जिन्यावर, सायकलवरून मूल हनुवटीवर आपटतं. जखमेला टाके पडतात, घरी येतात. पण तो मार वर कानासमोरच्या सांध्यापर्यंत जातो आणि तिथलं हाड मोडू शकतं. ते मोडणं लक्षातून सुटलं तर सांधा हळूहळू हाडानं जखडतो, तोंड उघडेनासं होतं आणि जबड्याची वाढ खुंटते. मोठेपणी लोक त्याला ‘हनुवटीच नाही’ म्हणतात. कानात जुना पू असणाऱ्या मुलांतही सांधा असा जखडू शकतो. म्हणून हनुवटीला टाके पडले की सांध्याचा एक्स-रे मागून घ्या, आणि पुढचे काही महिने तोंड पूर्वीइतकं उघडतंय का ते बघत राहा. सांधा जखडलेला असेल तर आधी सांध्याचं ऑपरेशन, चेहऱ्याचं नंतर.

लग्नाची तारीख धरून ऑपरेशन ठरवू नका

आपल्याकडे पाहुणे बघायला येणार म्हटलं की सगळी घाई सुरू होते. मला फोन करणाऱ्या बहुतेक आयांचा पहिला प्रश्न ‘मार्गशीर्षापर्यंत होईल का?’ हाच असतो. नाही होणार. आधी तारा साधारण 12 ते 18 महिने, मग ऑपरेशन, मग पुन्हा सहा महिने ते वर्षभर तारा. शिवाय ऑपरेशनआधीच्या तारांनी चेहरा आणि चावा काही काळ आणखी बिघडलेला दिसतो. शरीरानं जबड्याचा दोष झाकायला दात वाकडे केलेले असतात, ते सरळ केले की खरा दोष उघडा पडतो. इथं घाबरून पोरं तारा काढून टाकतात.

वयाचंही तसंच. जबड्याची वाढ थांबायला हवी. मुलींची साधारण 16-17 ला थांबते, मुलांची 18 ते 21 पर्यंत चालते, खालचा जबडा पुढे असणाऱ्यांत कधी त्याहून उशिरा. सहा महिने ते वर्षाच्या अंतरानं काढलेले दोन एक्स-रे ताडून बघतात. हनुवटी एकाच बाजूला सरकत चालली असेल तर सांध्यातली वाढ अजून चालू आहे का हे स्कॅननं पाहतात. घाईनं ऑपरेशन केलं तर नंतरची वाढ ते पुन्हा बिघडवते.

आणि मे महिना टाळा. सुट्टी असते हे खरं, पण आपल्याकडे पारा 45 ला टेकतो. सुजलेल्या तोंडानं पुरेसं पाणी पिणं एरवीही कठीण जातं.

डॉक्टरांपासून लपवू नका

तंबाखू, गुटखा, मशेरी. घरच्यांसमोर बोलायचं नसेल तर डॉक्टरांना एकटं भेटून सांगा. हाड जुळायला उशीर होतो, जखम चिघळते, आणि गुटख्यानं तोंड उघडणं कमी झालं असेल तर भूल देणाऱ्यालाही अडचण येते. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातल्या कुटुंबांनी सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी भूल देण्याआधी करून घ्यावीच. रक्तात दोष असेल तर शरीरातलं पाणी किंवा ऑक्सिजन कमी पडणं धोक्याचं ठरतं.

अक्कलदाढा काढायच्या असतील तर ऑपरेशनच्या निदान सहा महिने आधी. तिथंच हाड चिरायचं असतं.

तारा एकाच्या, ऑपरेशन दुसऱ्याचं, आणि दोघांची गाठ नाही

ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावणारे दंतवैद्य) आणि मॅक्सिलोफेशियल सर्जन (जबड्याचं ऑपरेशन करणारे) यांनी तारा लावण्याआधी एकत्र बसून योजना करायला हवी. नाशिक, मुंबई, संभाजीनगर किंवा नंदुरबारकडून सुरत, जिथं जाल तिथं दर महिन्याला जाता येईल का ते आधी बघा. मी दर महिन्याला चाळीसगावहून रेल्वेनं नाशिकला जायचे, तिकिटाचा आणि बुडालेल्या दिवसांचा हिशेब उपचाराच्या खर्चातच धरावा लागतो. मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च खासगीपेक्षा बराच कमी. विमा असेल तर आधी लेखी विचारा, नुसतं दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन विमा देत नाही.

पार्लरमध्ये कोणी हनुवटीत फिलर (फुगवटा आणणारं इंजेक्शन) भरून देतो म्हणालं तर उठून या. ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित डोळाही जातो.

नंतरचं

खालच्या ओठाला आणि हनुवटीला बधिरपणा येतो. खालच्या जबड्याच्या हाडातूनच ती नस जाते. बहुतेकांचा काही महिन्यांत कमी होतो, काहींचा कायम राहतो. माझ्या डाव्या बाजूला रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे, चहा ओघळला तरी कळत नाही. मला आधी सांगितलं होतं म्हणून मी घाबरले नाही. तुम्ही विचारून घ्या.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, मोठा भाग दोन-तीन आठवड्यांत उतरतो, खरा चेहरा दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. शेजारच्या बाया बघायला येऊन ‘काय व्हयनं व माय तुले?’ म्हणत होत्या, त्या आठवड्यात मी आरसा झाकून ठेवला होता. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर शेवभाजी, बट्टी, कळण्याची भाकरी विसरा. केळं दुधात घोटून गाळून घ्या (आपल्या जळगावच्या केळ्यांनी मला तारलं), पातळ वरण, मुगाचं कढण, ताक. नुसत्या गोड ज्यूसवर राहिलात तर अशक्तपणा येतो.

नाक चोंदणं, गळ्यापर्यंत काळंनिळं होणं चालतं. पण आठवड्यानंतर सूज पुन्हा वाढली, ताप, पू किंवा दुर्गंधी आली, दात कालपर्यंत बसत होते आणि आज बसेनासे झाले, तर त्याच दिवशी फोन करा. श्वास अडखळला किंवा रक्त थांबेना, तर रात्र असली तरी जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि बारीक कात्री सोबत ठेवा, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना वरचे-खालचे दात बांधून ठेवणारी तोंडातली रबरं कापता येतील.