बागेत कृत्रिम गवत स्वतः बसवायचंय? मग आधी खालचं काम नीट करा

कृत्रिम गवत बसवायचं ठरलं की सगळे आधी गवत बघायला पळतात, रंग कुठला, किती मऊ, किती उंच, आणि खालच्या जमिनीचा विचार एकदम शेवटी. मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं. जमीन फावड्याने वरवर सपाट केली, त्यावर बारीक वाळू पसरली, गवत अंथरलं, कडेने खिळे ठोकले आणि एका दिवसात काम संपलं, दिसतही छान होतं. मग पहिला जोरदार पाऊस झाला आणि खुर्च्या ठेवायचो बरोबर तिथेच दोन खड्डे बसले, पाणी साचायला लागलं, पाय टाकला की पचपच. शेवटी सगळं उचकटलं आणि खालपासून परत केलं. म्हणून सांगतो, हे गवत म्हणजे वरचं पांघरूण आहे, खाली जे असेल ते वर दिसणारच. चार दिवसांचं काम असेल तर त्यातले तीन दिवस खालच्या थरांना द्या.

त्याही आधी, जागा खरंच तशी आहे का ते बघा. जिथे खरं गवत नीट वाढतंय तिथे ते काढून प्लॅस्टिक टाकू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण एकदा वरून झाकलं की खालची माती, गांडुळं, किडे खायला येणारे पक्षी, सगळं थांबतं. पण दिवसभर सावली असते, मुलं रोज खेळतात, कितीही पेरलं तरी टक्कल पडतं अशा तुकड्याला हा चांगला उपाय आहे. तसं बघितलं तर या गवताचं नाव झालं तेच या कारणाने, १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या छत असलेल्या स्टेडियममध्ये, म्हणजे अ‍ॅस्ट्रोडोममध्ये, तिथे छताच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावदानांमुळे खेळाडूंना चेंडू दिसेना म्हणून ती तावदानं रंगवली, मग ऊन कमी पडून आतलं खरं गवत मेलं आणि शेवटी कृत्रिम टाकलं. अ‍ॅस्ट्रोटर्फ हा शब्द तिथूनच आला. तर सावलीचा तुकडा झाका, बाकी माती मोकळी ठेवा. झाडाच्या बुंध्याभोवती तर मोठं आळं सोडाच, मुळांवर खडी दाबून बसवली की झाडाचा जीव जातो.

आणि उन्हाचं. भर उन्हात हे गवत खूप तापतं, ६० अंशांच्या वर पण जातं, अनवाणी चालवत नाही. पाणी मारलं की थंड होतं पण थोडाच वेळ. समोर मोठ्या खिडक्या असतील तर त्यांच्या काचेवरून उन्हाचा झोत कुठे पडतो ते एक दिवस बघून ठेवा, कारण काही आधुनिक काचांचं परावर्तन इतकं कडक असतं की गवताची पाती वितळून चिकटतात.

आता गवत निवडणं. वरची पाती बहुतेक पॉलिइथिलीनची असतात, ती मऊ. खाली कुरळी तपकिरी-हिरवी जाळी असते ती बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची, तिच्यामुळे उभी पाती लगेच आडवी होत नाहीत. उंची साधारण २० पासून ४० मिलिमीटरपर्यंत मिळते. जास्त उंच म्हणजे जास्त चांगलं असं अजिबात नाही, ४० ची पाती लोळतात आणि सारखा ब्रश मारावा लागतो, घरच्या वापराला ३० च्या आसपास बरं पडतं. नमुना हातात घेतला की तो उलटा करून मागची बाजू बघा, पाण्याची भोकं आहेत का, आणि एक झुपका चिमटीत धरून ओढा. सहज हातात आला तर ते गवत घेऊ नका.

रोल साधारण २ आणि ४ मीटर रुंदीचे येतात. समजा तुमची जागा ५ मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद आहे. ४ मीटरचा रोल घेतला तर थोडं वाया जाईल पण एकच अखंड तुकडा, जोड नाही. जोड टाळता येत असेल तर वाया गेलेलं परवडतं. लांबीत दोन्हीकडून ५-५ सेंटीमीटर जास्त घ्या. याच जागेचा बाकी हिशोब सांगतो म्हणजे अंदाज येईल. ११ सेंटीमीटर खोदायचं म्हणजे जवळपास २ घनमीटर माती, आणि उकरलेली माती फुगते त्यामुळे उचलताना अडीचच्या घरात जाते, म्हणजे २०० घमेली सहज. ती टाकायची कुठे ते खोदायच्या आधी ठरवा. खडी साधारण दीड घनमीटर, कच, म्हणजे फोडलेल्या दगडाचा बारीक चुरा, अर्धा घनमीटर, आणि शेवटी वरून टाकायची वाळू १०० किलोच्या आसपास.

खोदण्याआधी जमिनीखालून पाण्याचा पाइप, वायर काही गेलंय का ते शोधा. मग खुंट्या मारून दोरी बांधा. ११ सेंटीमीटर का, तर साडेसहा खडी, अडीच कच आणि वरचे २ मोकळे, म्हणजे ३० मिलिमीटरचं गवत बसलं की पाती शेजारच्या फरशीच्या जरा वर येतात आणि कड दिसत नाही. खोदताना हरळी आणि लव्हाळ्याची मुळं हाताने वेचून काढा, कंटाळा करू नका. लव्हाळ्याची गाठ खाली राहिली तर तो आपण नंतर अंथरणार ते कापड फोडून वर येतो.

ढाळ याच वेळी द्यायचा, नंतर वाळूने देऊ म्हणाल तर जमत नाही. मीटरला १ सेंटीमीटर पुरतो, म्हणजे ५ मीटरला ५ सेंटीमीटर, आणि तो नेहमी घराच्या भिंतीपासून लांब. दोरी दोन्ही टोकांना लेव्हलमध्ये बांधायची आणि एका टोकाला ५ सेंटीमीटर खाली सरकवायची, सोपं आहे.

मग कडा. जिथे भिंत किंवा फरशी नाही तिथे लाकडाची नाहीतर काँक्रीटची पट्टी गाडून पक्की करा. कड नसली की खडी हळूहळू बाजूला सरकते आणि गवताची किनार खाली बसते.

आता खरं काम. खडी एकाच मापाची घेऊ नका. २० मिलिमीटरपासून अगदी भुकटीपर्यंत सगळं मिसळलेलं हवं, रस्त्याच्या कामात वेट मिक्स वापरतात तसलं, कारण मोठ्या दगडांच्या फटीत बारीक जाऊन बसतं आणि सगळं एकमेकांत अडकतं. एका मापाची खडी कितीही ठोकली तरी पायाखाली हलतेच. निम्मी पसरा, जरा पाणी शिंपडा, ठोका, मग उरलेली पसरा, परत ठोका. छोटी जागा असेल तर हाताची धुम्मस चालते पण हात भरून येतात, वर धरली तेवढ्या जागेला प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे खडी ठोकून दाबणारं यंत्र, एक दिवस भाड्याने आणणं केव्हाही चांगलं. तीन-चार वेळा फिरवा, एकदा उभा एकदा आडवा. झालं की नाही ते कळायला बुटाची टाच जोरात मारून बघा, ठसा उमटला तर अजून ठोकायचंय.

त्यावर कच किंवा क्रश सँड, अडीच सेंटीमीटर. इथे गोल दाण्याची नदीची वाळू अजिबात नको, माझे खड्डे तिच्यामुळेच पडले होते. गोल दाणे एकमेकांवरून घरंगळतात, फोडलेल्या दगडाच्या दाण्यांना कोपरे असतात ते एकमेकांना धरून बसतात. प्लास्टरवाले वापरतात तसली २ मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या, ओढत ओढत सपाट करा, ठोका, परत पट्टी ठेवा आणि तिच्या खालून उजेड दिसतोय का ते खाली वाकून बघा. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असली तर भरा. मग एक बादली पाणी वरच्या टोकाला ओता आणि गप्प उभं राहून बघा ते कुठे जातंय. थोडं मुरेल, थोडं खाली सरकेल, पण कुठे थांबून तळं झालं तर ती जागा खडूने गोल करून दुरुस्त करा, नंतर सापडणार नाही. मी दुसऱ्यांदा केलं तेव्हा एका संध्याकाळी चार बादल्या ओतल्या होत्या आणि दोन जागा परत उकरल्या, तेव्हापासून एकदाही पाणी साचलेलं नाही.

तण अडवणारं जिओटेक्स्टाईल कापड यावर अंथरा, दोन पट्ट्या एकमेकांवर १५ सेंटीमीटर तरी येऊ द्या. प्लॅस्टिकचा कागद चालत नाही, पाणी अडकून वास येतो.

गवत उलगडून दोन-तीन तास तसंच पडू द्या, रोलच्या घड्या आपोआप बसतात. पाती एका बाजूला झुकलेली असतात, हात फिरवला की कळतं. मांजराच्या पाठीवर उलटा हात फिरवल्यासारखं लागलं की ती उलटी दिशा. जिथून जास्त वेळा बघता, म्हणजे बहुतेक घराकडून, तिकडे पाती झुकलेली ठेवा, गवत दाट दिसतं. दोन तुकडे असतील तर दोन्हींची दिशा एकच पाहिजे, नाहीतर रंग वेगवेगळे दिसतात आणि मग त्याला काही इलाज नाही.

कापायचं नेहमी मागून, धारदार कटरने, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून. ब्लेड भराभर बदला, मागचा थर धार लगेच खातो. आधी २-३ सेंटीमीटर जास्त ठेवून कापा, मग कडेला बसवून नेमकं कापा.

जोड असेल तर इथे घाई अजिबात नको, सगळ्यांची नजर तिथेच जाते. कारखान्यातून आलेली रोलची कड सरळ नसते, म्हणून दोन्ही तुकड्यांची टाक्यांची तीन-तीन ओळींची पट्टी कापून टाका. आता दोन्ही कडा शेजारी ठेवा आणि मधली फट बघा, गवतातल्या दोन ओळींमध्ये जेवढं अंतर आहे बरोबर तेवढीच फट पाहिजे. कमी झाली तर पाती गर्दी करून उंचवटा होतो, जास्त झाली तर भांग पाडल्यासारखी रेघ दिसते. जमलं की दोन्ही कडा हळूच मागे दुमडा, मध्ये जोडपट्टी टाका, चकचकीत बाजू खाली, तिचा मध्य फटीच्या बरोबर खाली, आणि दोन-चार खिळ्यांनी ती हलणार नाही असं करा. पॉलियुरेथेनचा गोंद दातेरी पट्टीने पसरा. मग कडा एकेक वीत करत खाली सोडा आणि सोडताना दुसऱ्या हाताने पाती बाजूला करत राहा. एक जरी पातं गोंदात अडकलं तर ते कायमचं आडवं, आणि पाचपन्नास अडकली की जोड लांबून ओळखू येतो. दोघंजण असाल तर फार सोपं जातं, एकाने सोडायचं, एकाने पाती विंचरायची. वरून वाळूच्या पिशव्या ठेवा आणि डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा वेळ कोणालाही वर जाऊ देऊ नका. पावसात किंवा ओल्या गवतावर हे काम करू नका.

कडेला १५ सेंटीमीटर लांबीचे गॅल्व्हनाइज्ड खिळे, दर २०-३० सेंटीमीटरवर. ठोकायच्या आधी पाती दोन्हीकडे बाजूला करा आणि डोकं मागच्या थराला टेकलं की थांबा, जास्त ठोकलं की तिथे खळगी पडते.

शेवटी कोरडी सिलिका वाळू, चौरस मीटरला ५ ते ८ किलो. ही गोल दाण्याची चालते, उलट तीच बरी, पात्यांच्या मधून खाली घरंगळते आणि पाती घासत नाही. ती वजनाने गवत खाली धरते आणि पात्यांना बुडाशी आधार देते. एकदम ओतू नका, थोडी टाका, कडक नायलॉनच्या ब्रशने पात्यांच्या उलट दिशेने झाडा, परत थोडी टाका. वाळू आणि गवत दोन्ही कोरडं हवं, ओलं असलं की वाळू वरच चिकटून बसते. घरात कुत्रा असेल तर वाळूऐवजी झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे टाका, मुताचा वास बराच कमी होतो, पण ती जागा पाण्याने धुवावी लागतेच.

पुढे फार काही करावं लागत नाही. पडलेली पानं प्लॅस्टिकच्या दाताळ्याने काढा, लोखंडी नको. ती कुजली की वरच माती तयार होते आणि तिच्यात खरं तण उगवतं. रोजच्या वाटेवरची पाती आठवड्या-पंधरा दिवसांनी ब्रशने उभी करा, आणि जळता कोळसा, सिगारेट, गरम भांडं लांब ठेवा. कापून उरलेल्या तुकड्यांमधला एक मोठासा सांभाळून ठेवा, पण माळ्यावर नको, बाहेर त्याच उन्हात एखाद्या कोपऱ्यात ठेवा. पुढेमागे कुठे जळलं आणि ठिगळ लावायची वेळ आली तर तोही तेवढाच विटलेला असेल आणि रंग जुळेल.