भातशेती सेंद्रिय करताना या चुका टाळा

मुरबाड-शहापूरच्या उतारावरील भातखाचरांत पहिली चूक बांधावरच होते. आपण रासायनिक खत बंद केले म्हणजे शेत सेंद्रिय झाले, असे धरून चालतो. पण वरच्या खाचरातले पाणी बांधाच्या तोंडातून आपल्याकडेच उतरत असते. शेजाऱ्याने युरिया टाकल्यावर आठवडाभराने त्या तोंडाशी जाऊन पाहावे: पाणी पसरते तेवढ्याच जागेतला भात गर्द हिरवा आणि बाकीचा फिकट, असे दिसले तर नत्र (नायट्रोजन) कुठून आले हे विचारावे लागत नाही. वरच्या कडेने चर काढून ते पाणी बाहेरून वळवावे. ते जमत नसेल, तर खत टाकल्यावर चार-पाच दिवस तोंड बंद ठेवण्याची विनंती शेजाऱ्याला करावी. खत त्याच्याच शेतात राहत असल्याने तो सहसा नाही म्हणत नाही.

दुसरी चूक हिशेबाची आहे. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. तेवढे नत्र शेणखतातून द्यायचे, तर चांगले कुजलेले खतही सुमारे ४ टन लागते आणि त्यातले सगळे पहिल्या वर्षी पिकाला मिळत नाही. २०० लिटर जीवामृतात (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या द्रावणात) शेण जेमतेम १० किलो असते. त्यावर ही तूट भरून निघेल, ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून गाडावा म्हटले, तर तो मे महिन्यात पेरावा लागतो आणि तेव्हा पाणी नसते. त्यामुळे बांधावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडे लावून त्याचा कोवळा पाला चिखलणीच्या वेळी गाडणे हाच आपल्याकडे व्यवहार्य मार्ग आहे. लावणीनंतर जुनी, खालची पाने आधी पिवळी पडू लागली, तर कच्चे शेण किंवा पेंढा गाडला गेला होता का, हे आठवून पाहावे. तो कुजताना जमिनीतले नत्र अडकून पडते.

सेंद्रिय प्रमाणीकरणासाठी हंगामी पिकांना पेरणीपूर्वी २ वर्षे, तर आंबा-चिकूसारख्या बहुवार्षिक पिकांना पहिल्या तोडणीपूर्वी ३ वर्षे रूपांतरणाचा, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीत येण्याचा, काळ धरतात. ‘गेल्या वर्षीपासून काहीच टाकलेले नाही’ हे तोंडी सांगणे तिथे चालत नाही, म्हणून नोंदवही आणि पावत्या पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात.

बियाण्याकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. रासायनिक औषध चोळलेले रंगीत बियाणे आणू नये. घरचे भात १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि उरलेले स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे.