सांगलीत नवे बिऱ्हाड मांडताना : गॅस, कढई आणि परात

लातूरहून सांगलीत येऊन मला 16 वर्षे झाली असून, नोकरीसाठी गावाकडून येणारी मुले खोली मिळेपर्यंत बहुधा माझ्याच घरी उतरतात. त्यांना जे तोंडी सांगतो, तेच येथे लिहीत आहे.

खोली दाखवताना घरमालक नळ दाखवतो, दिवे लावून दाखवतो, गॅसची नळी मात्र दाखवत नाही. ती आपणच पाहावी. नारिंगी नळीवरचे वर्ष वाचावे आणि तिला 5 वर्षे उलटली असल्यास, आधीच्या भाडेकरूने ‘अजून चांगली आहे’ असे कितीही सांगितले तरी, ती बदलून घ्यावी. सिलिंडर उभा आणि शेगडी त्याच्याहून उंचावर असावी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की जमिनीलगत साचतो. म्हणून वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या एकाही बटणाला, अगदी पंख्याच्याही, हात लावू नये आणि बाहेर येऊन 1906 वर कळवावे.

तेलाची आग निराळी. येथे आल्यावर घरी भडंग करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, तसा मलाही झाला. लसूण सोलत बसलो आणि कढईतले तेल धुरावून पेटले. मी पाण्याचा तांब्या उचलला, तोच शेजारच्या काकूंनी माझे मनगट धरले, गॅस बंद केला आणि कढईवर परात पालथी घातली. ज्वाळा कडेने दोनदा डोकावल्या आणि विझल्या. तापलेल्या तेलात पाणी तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होऊन ती सुमारे 1,700 पट फुगते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. पीठही टाकू नये, तेही पेटते. कढई उचलून मोरीकडे धावू नये, आणि तेल निवण्याआधी परात उघडून पाहू नये, कारण हवा मिळताच ते पुन्हा भडकते. आग आवरत नसेल तर दार ओढून बाहेर पडावे आणि 101 लावावा. भाजल्यास 20 मिनिटे नळाखाली हात धरावा. टूथपेस्ट लावू नये.

माझी परात शेगडीच्या बाजूच्या खिळ्याला असते. ती मागच्या भिंतीला टांगू नये, कारण पेटलेल्या कढईवरून हात नेऊन ती काढता येत नाही.