पोळ्याचा पिवळा पडलेला फोटो असा सुधारला

आमच्या यवतमाळकडच्या घरी आबाजींचा बैलजोडीसोबतचा पोळ्यातला एकच फोटो. पार पिवळा पडलेला, वर घडीची रेघ नेमकी बैलाच्या शिंगावरून गेलेली. मोबाइलनं काढला तर चमक येत होती, म्हणून तालुक्यातून ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून आणला.

गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात आधी लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, प्रत काढली, म्हणजे मूळ फोटो खाली सुरक्षित राहतो. मग 'कलर्स'मधलं 'लेव्हल्स' उघडलं. खरं काम इथंच होतं. लाल, हिरवा, निळा चॅनेल वेगवेगळा निवडता येतो. आमच्या फोटोत निळ्याचा आलेख (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ) उजव्या टोकापर्यंत पोचतच नव्हता. आलेखाखालचा पांढरा त्रिकोण आलेख संपतो तिथवर डावीकडे ओढला अन् आबाजींचं धोतर खरंच पांढरं दिसलं! किती आनंद झाला म्हणून सांगू!

रेघेसाठी 'हील' टूल. कंट्रोल दाबून शेजारच्या चांगल्या जागेवर क्लिक करायचं, मग रेघेवरून फिरवायचं. ब्रश रेघेहून जरासाच मोठा ठेवायचा. शिंगाच्या कडेला मात्र हीलनं रंग फिसकटतो, तिथं जशीच्या तशी नक्कल करणारं 'क्लोन' टूलच बरं.

काम एक्ससीएफमध्ये (गिंपची स्वतःची फाइल, यात लेयर टिकतात) सेव्ह करा, छपाईला जेपीईजी एक्सपोर्ट करा. प्रिंट उन्हाच्या भिंतीवर लावू नका.