धंतोलीत किरायाने राहताना

सातारा, सांगली, कोल्हापूरकडून नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नागपुरात येणाऱ्या मंडळींचे फोन मला दरवर्षी येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, तो म्हणजे राहायचे कुठे. मी स्वतः २००७ सालच्या डिसेंबरात महाराष्ट्र एक्स्प्रेसने इथे उतरलो आणि तेव्हापासून, चार घरे बदलूनही, धंतोलीच्या बाहेर गेलेलो नाही. त्यामुळे मी सांगतो ते याच वस्तीपुरते आहे, हे आधी लक्षात घ्यावे.

वर्धा मार्ग आणि रेल्वेमार्ग यांच्यामध्ये वसलेली ही वस्ती लहान आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी जाण्यास पाव तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही, आणि सीताबर्डीची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे. जुने बंगले आहेत, त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती आहेत, आणि या दोहोंमध्ये जिकडे पाहावे तिकडे रुग्णालये आहेत. साहजिकच इथे राहणाऱ्यांत परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आणि विदर्भाच्या खेड्यांतून आपल्या रुग्णाबरोबर महिना-दोन महिन्यांसाठी आलेले नातेवाईक यांचा भरणा मोठा आहे. यांतील बहुतेक जण जाण्यासाठीच आलेले असतात, आणि घरमालकांचे, मेसवाल्यांचे, दुकानदारांचे सारे व्यवहार याच गृहीतावर बेतलेले असतात. आपण दोन-तीन वर्षे राहणार असू, तर ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे, कारण त्यावरून खोलीचा दर्जा आणि बोलण्याचा सूर दोन्ही बदलतात.

इथे भाड्याला किराया आणि भाडेकरूला किरायेदार म्हणतात. फाटकावर ‘खोली किरायाने देणे आहे’ अशी पाटी दिसली, तर दलालाकडे जाण्याआधी आत जाऊन विचारावे. वयस्क घरमालकाला ‘काकाजी’ म्हटलेले चालते, किंबहुना ‘साहेब’ म्हटल्याने जे अंतर पडते ते ‘काकाजी’ने पडत नाही. त्यांनी ‘तुम्ही काय करून राहिले?’ असे विचारले, तर ते आपल्या उद्योगाविषयी विचारत आहेत, राहण्याच्या ठिकाणाविषयी नव्हे. मी पहिल्या दिवशी या प्रश्नाला ‘सध्या लॉजवर’ असे उत्तर दिले होते.

आता खोलीविषयी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. डिसेंबरात नागपूर अतिशय सुखद असते आणि त्या दिवसांत पाहिलेली प्रत्येक खोली चांगलीच वाटते. माझी पहिली खोली दुसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या खाली आणि पश्चिमेकडे तोंड असलेली होती. हिवाळ्यात सायंकाळचे ऊन आत येई, तेव्हा मला स्वतःच्या निवडीचे कौतुक वाटे. मार्च संपता संपता त्याच भिंतीला रात्री दहा वाजता हात लावला, तर तवा नुकताच चुलीवरून उतरवल्यासारखे वाटू लागले. कूलर आणला, तेव्हा समजले की खोलीची एकमेव खिडकी शेजारच्या इमारतीच्या अरुंद बोळात उघडते, तिथे लोखंडी स्टँड ठोकण्यास जागा नाही, आणि असती तरी शेजाऱ्यांनी तो ठोकू दिला नसता. कूलर खोलीच्या आत ठेवला, की तो आतलीच दमट हवा फिरवतो आणि दोन तासांत अंथरूण ओलसर लागते. त्याला बाहेरची कोरडी हवा खेचता आली पाहिजे आणि खोलीतील हवेला दुसऱ्या खिडकीतून किंवा दारातून निघून जाण्यास वाट असली पाहिजे. या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली आहे, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत पारा गेला तर इथे कोणी त्याची बातमी मानत नाही. म्हणून खोली कोणत्याही ऋतूत पाहा, पण कूलरची खिडकी कुठे आहे, स्टँड आधीपासून आहे का, कूलरमध्ये पाणी भरण्यासाठी नळ किती दूर आहे आणि वर आणखी एक मजला आहे की उघडी गच्ची, हे चार प्रश्न किरायाच्या आधी विचारा.

पाण्याचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. मोठा कूलर नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वाधिक उष्ण नऊ दिवसांत शंभर लिटर पाणी सहज पितो, आणि ‘किरायात पाणी धरलेले आहे’ या वाक्यात कूलरचे पाणी धरलेले आहे का, यावरून मे महिन्यात वाद झालेले मी पाहिले आहेत. पावसाळा लागला की कूलर रिकामा करून पुसून ठेवावा, कारण डेंग्यूचे डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतात.

विजेचे गणितही आधीच उलगडून घ्यावे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, पहिल्या शंभर युनिटांना एक दर, पुढे तीनशेपर्यंत बराच अधिक. चार खोल्या एकाच मीटरवर असल्या, की सर्वांचा वापर मिळून वरच्या टप्प्यात जातो आणि सबमीटरवर घरमालक जो सरसकट दर लावतो तो त्या वरच्या टप्प्याचा असतो. दोनशे वॉटचा कूलर रोज बारा तास चालवल्यास महिन्याला सुमारे बहात्तर युनिट होतात. यासाठी स्वतंत्र मीटर असलेली खोली थोडी महाग असली तरी पत्करावी, असे माझे मत आहे.

नदीकडच्या बाजूला तळमजल्याची खोली मिळत असेल, तर भिंतीवरील ओलीची खूण बघूनच निर्णय घ्यावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काठच्या वस्त्यांत पाणी घुसवले, तेव्हा सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकात उभ्या असलेल्या बसगाड्याही बुडाल्या होत्या. तोपर्यंत नाग नदीला नाला समजणाऱ्यांत मीही होतो.

कागदपत्रांच्या बाबतीत आपली मंडळी सर्वांत अधिक ढिलाई करतात. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, म्हणजे नोंदणीची गरज नाही’ हे वाक्य तुम्हाला शिकले-सवरलेले लोकही ऐकवतील, परंतु ते चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे आवश्यक आहे, मुदत अकरा महिन्यांची असो वा कमी, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदलेला करार नसेल, तर वादाच्या वेळी अटींविषयी किरायेदाराचे म्हणणे खरे धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार घरमालकावर पडतो, ही गोष्ट सौम्य शब्दांत काकाजींच्या कानावर घातली की बरेचदा तेच नोंदणीला तयार होतात. खर्चही मोठा नाही. समजा, आठ हजार किराया आणि चोवीस हजार ठेव असेल, तर अकरा महिन्यांच्या किरायावर आणि ठेवीच्या दहा टक्के व्याजावर मिळून पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते, म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या घरात, आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची तयारी आपणच दाखवावी. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात देणेही याच वेळी उरकून टाकावे.

एखाद्या जुन्या बंगल्यात शेजारच्या खोलीतील आजोबा तुमच्या किरायाच्या दहाव्या हिश्शात राहत असल्याचे कळले, तर त्यावरून घरमालकाशी हुज्जत घालू नये. १९९९ च्या कायद्याआधी विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता आणि त्यानुसार घर सोडण्याची नोटीस देण्यासाठीही भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. आजोबा त्या काळातील आहेत. नव्या किरायेदाराविषयी घरमालकाच्या मनात असलेल्या धास्तीचे मूळही बरेचसे तिथेच आहे.

जेवणाची आबाळ होत नाही. मेसचा डबा गल्लोगल्ली मिळतो, पण तो आठवडाभर खाऊन पाहिल्याशिवाय महिन्याचे पैसे भरू नयेत. स्वतः रांधणार असाल, तर रेल्वेमार्गापलीकडच्या कॉटन मार्केटमध्ये सकाळी लवकर जावे. तिथे कोथिंबीर मागितली तर मिळेल, पण ‘सांबार’ म्हटले तर लवकर मिळेल, बटाटा हा आलू आहे आणि चवळीच्या शेंगांना बरबटी म्हणतात. कोल्हापुरी तिखटाच्या बळावर कोणी पहिल्याच दिवशी सावजीचा रस्सा वाटीभर पिऊ नये. मी प्यालो होतो.

ये-जा करण्यासाठी वाहन घेण्याची घाई करू नका, कारण रुग्णालयांमुळे इथले रस्ते दिवसभर गाड्यांनी भरलेले असतात आणि ज्या घरात आवाराच्या आत दुचाकी लावण्याची जागा नाही, तिथे रोज सायंकाळी जागेसाठी फेऱ्या माराव्या लागतात. काँग्रेसनगर आणि सीताबर्डी ही मेट्रोची स्थानके पायी गाठता येतात, आणि सीताबर्डीला नारिंगी व ॲक्वा या दोन्ही मार्गिका मिळत असल्याने शहराच्या चारही दिशांना जाता येते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते, तेव्हा यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात आणि भोवतालचे रस्ते बंद होतात. त्या दिवसांत सामान हलवू नये. दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात त्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारासही तेच.

खोली सोडताना महिनाभर आधी लेखी कळवावे, व्हॉट्सॲपवरील संदेशही चालतो, आणि सबमीटरच्या आकड्याचे व भिंतींचे छायाचित्र घरमालकांच्या समक्ष काढावे. माझी पहिली ठेव ‘रंगकाम’ या एका शब्दात निम्मी झाली, कारण मी आत आलो तेव्हा भिंत कशी होती याचा कोणताही पुरावा माझ्याकडे नव्हता. कूलर सोबत नेण्याच्या भानगडीत पडू नये. तो मार्चमध्ये विकावा, कारण जूनमध्ये त्याचे निम्मेही येत नाहीत. माझ्याकडे आज जो कूलर आहे त्याच्या मागच्या पत्र्यावर माझ्या आधीच्या तीन किरायेदारांची नावे खिळ्याने कोरलेली आहेत, वाळ्याच्या ताट्या मात्र मी दर फेब्रुवारीत नव्या बसवतो.